आयत्या वेळचे विषय

अप्पा बत्तीस वर्षं ग्रामसेवक होते. पाटण, कोरेगाव, शेवटची चार वर्षं खटाव. सभा कशी चालवायची हे त्यांना मी सांगावं, असा प्रसंग कधी येईल असं मला वाटलं नव्हतं. एका रविवारी फोनवर मी त्यांना आमच्या मासिक सभेची विषयपत्रिका वाचून दाखवत होते. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, खजिनदारांचा अहवाल, देयकांना मंजुरी, दलप्रमुखांचा अहवाल, दोन नंबरच्या बंबाचा दुरुस्तीखर्च. ते हं हं करत होते. यादी संपली तसे थांबले.

“शेवटचा विषय राहिला तुझा.”

“कुठला?”

“अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय.”

“तो नसतो इथं, अप्पा. ठेवलाच तर बेकायदेशीर.”

पलीकडं बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, “मग लोक सभेला येतात कशाला?”

टेक्सासमध्ये मी ज्यांची वकील आहे त्यांना इमर्जन्सी सर्व्हिसेस डिस्ट्रिक्ट म्हणतात, बोलताना ईएसडी. डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा नव्हे. जिल्ह्यासारखी असते ती काउंटी, आणि अशा २५४ काउंट्या या राज्यात आहेत. शहराच्या हद्दीत आग लागली तर शहराचं अग्निशमन दल येतं. पण कुठल्याच शहराच्या हद्दीत न येणारा मुलूख इथं अफाट आहे. तिथं पूर्वी आग विझवायला यायचे ते शेजारी: कुणी शेतकरी, कुणी मेकॅनिक, कुणी शाळेत शिकवणारा. ब्रिस्केटच्या थाळ्या आणि तळलेला कॅटफिश विकून त्यांनी जुना बंब घेतलेला असायचा. थाळ्या विकून किती पुरणार? १९८७ साली मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती मंजूर केली आणि अशा भागांना स्वतःचं डिस्ट्रिक्ट काढून मालमत्ता कर लावायची मुभा मिळाली. मर्यादा १०० डॉलर मूल्यांकनाला १० सेंट. म्हणजे ३ लाखांच्या घराला वर्षाला फार तर ३०० डॉलर. त्या हद्दीत मालमत्ता असलेल्या १०० मतदारांनी अर्जावर सह्या करायच्या, काउंटीच्या कमिशनर्स कोर्टात सुनावणी व्हायची, मग मतदान. शहराची हद्द किंवा तिच्या भोवतीचा पट्टा आत घ्यायचा असेल तर शहराचीही संमती लागते आणि शहरं ती सुखासुखी देतात असं नाही.

कमिशनर्स कोर्ट हे नाव ऐकून अप्पा हसले होते, कारण ते कोर्टच नाही. ती जिल्हा परिषद. तिच्या प्रमुखाला काउंटी जज म्हणतात आणि त्याच्याकडं वकिलीची सनद असायला हवी अशी अट नाही. बहुतेक ठिकाणी हे कोर्ट ईएसडीवर पाच कमिशनर नेमतं, दोन वर्षांसाठी. हॅरिस काउंटीत मात्र ते निवडून येतात. ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी नाहीतर सायप्रसला राहणारी कितीतरी मराठी घरं शहराच्या हद्दीबाहेर आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कराचं बिल आलं की त्यांचा फोन येतो: “अगं, तुझं ते ईएसडी आमच्या बिलात का आहे?” मी सांगते की गणपतीच्या आरतीत कुणाला चक्कर आली तर जी गाडी येईल, ती त्या ओळीतून येते.

पुण्यात आयएलएसला शिकले, कऱ्हाडच्या कोर्टात दोन वर्षं ज्युनिअर म्हणून फायली वाहिल्या, इथं येऊन एलएलएम आणि बारची परीक्षा. वकील म्हणजे उभं राहून बोलणारा माणूस, अशी माझी समजूत होती. गेल्या तेरा वर्षांत मी कोर्टात किती वेळा उभी राहिले ते बोटांवर मोजता येईल. बाकी वेळ बंबांच्या शेडमध्ये, फोल्डिंगच्या खुर्चीवर, डिझेलच्या वासात. गाड्या बाहेर काढून उभ्या करतात आणि त्या जागी सभा भरते.

माझ्या पहिल्याच सभेत दलप्रमुख अहवाल वाचत होते. “मे महिन्यात एकूण कॉल...” एवढं झालं आणि त्यांच्या कमरेचा पेजर वाजला. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि मागच्या रांगेतली चार पोरं घेऊन ते धावत गेले. गाडी सायरन वाजवत रस्त्याला लागली आणि सेक्रेटरीबाईंनी माझ्याकडं पाहिलं. इतिवृत्तात काय लिहू? मी म्हटलं, “अहवाल अपूर्ण.” वकील म्हणून मी दिलेला तो पहिला सल्ला.

या सगळ्या कामाच्या मुळाशी एक कायदा आहे, खुल्या सभांचा. विषयपत्रिका ७२ तास आधी लावायची, असं तेव्हा होतं. २०२५च्या सप्टेंबरपासून ते कामकाजाचे तीन दिवस झालं आहे. पत्रिकेवर नसलेल्या विषयावर मंडळानं चर्चा करायची नाही. पाचातले तीन जण सभेबाहेर एकत्र आले आणि डिस्ट्रिक्टच्या कामाचं बोलू लागले तर तीही बेकायदा सभा. गाव एवढंसं. शुक्रवारी रात्री शाळेच्या फुटबॉलला पाचही जण एकाच बाकड्यावर. रविवारी चर्चमध्ये पुन्हा तेच. लग्नाकार्याला, सामन्याला भेटायला कायद्याची ना नाही, फक्त बंबाचं नाव काढायचं नाही. एका कमिशनरनं मला गंभीरपणे विचारलं होतं, “माझा सख्खा मेहुणा बोर्डावर आहे. थँक्सगिव्हिंगला टर्की कापताना आम्ही कशावर बोलायचं?” दोघंच असाल तर कशावरही, तिसरा आला की हवामानावर, असं मी सांगितलं. हे पाळतात लोक, कारण मुद्दाम चोरून सभा घेतली तर दंड आहे आणि सहा महिन्यांपर्यंत तुरुंगही.

पैशाच्या बाबतीत तर याहून कठीण. माझं बिल सहा-सहा मिनिटांच्या हिशेबानं जातं आणि ते सार्वजनिक कागदपत्र असतं. एक म्हातारे कमिशनर, गुरं पाळणारे, चष्मा नाकावर ओढून दर महिन्याला ते मोठ्यानं वाचतात. “फोनवर बोलणे, बारा मिनिटे. कुणाशी हो?” “तुमच्याशीच.” “मग मी इतकं बोललो?” आणि पेनानं टिक करतात. चिडायचं कारण नाही. त्यांच्या जागी अप्पा असते तर त्यांनी फोनचा पुरावा मागितला असता.

बंब कुणाचा, हा तंटा माझ्या वाट्याला आला तो दुसऱ्या वर्षी. डिस्ट्रिक्ट आणि स्वयंसेवकांचं दल या कायद्यानं दोन वेगळ्या संस्था. दल म्हणजे नोंदणी केलेली धर्मादाय संस्था, तिचं मंडळ वेगळं, बँकखातं वेगळं. डिस्ट्रिक्ट कर गोळा करतं आणि करार करून दलाला पैसे देतं. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाचं ५२वं कलम म्हणतं की सरकारी पैसा कुठल्याही व्यक्तीला, संस्थेला, कंपनीला असाच देऊन टाकता येत नाही. काम सार्वजनिक हवं, मोबदल्यात काहीतरी परत मिळायला हवं आणि पैसा कसा खर्च होतो यावर देणाऱ्याचा ताबा हवा. आमच्या एका डिस्ट्रिक्टचा दलाशी झालेला करार दीड पानाचा होता. “लागेल तसे पैसे द्यावेत” असं त्यात चक्क लिहिलेलं. त्यावर सव्वाचार लाख डॉलरचा पंपर घेऊन झाला होता आणि त्याचं टायटल दलाच्या नावावर होतं.

मी नवा करार लिहून नेला, अठ्ठावीस पानांचा. दर महिन्याला हिशेब, दर वर्षी ऑडिट, कॉलला किती मिनिटांत पोचलात त्याचा तक्ता, करार संपला तर कराच्या पैशातल्या वस्तू डिस्ट्रिक्टकडं परत. दलप्रमुखांनी पहिली चार पानं वाचली आणि बंद केली. वीस वर्षं ते विनामोबदला ते पद सांभाळत होते. एकदा छत कोसळून खांदा मोडला होता त्यांचा.

“आम्ही चोर आहोत असं म्हणायचंय का तुम्हाला?”

मी मान हलवून नाही म्हटलं. पण तोंडानं काय सांगणार? करार चोरांसाठी नसतो, चोर करार पाळतच नाहीत, हे मला तेव्हा सुचलं नाही. घरी येताना गाडीत सुचलं. शेडमधले सगळे एकमेकांना लहानपणापासून ओळखणारे. कमिशनरांपैकी एकानं प्रमुखांच्या मुलाला पोहायला शिकवलं होतं. त्यांच्या शब्दावर चाललेल्या गोष्टीत मी परदेशी हेलात बोलणारी बाई येऊन पानापानावर आद्याक्षरं मागत होते. भाऊबंदांनी जमीन मोजायला मोजणीदार बोलवावा आणि मग दोघांनी मिळून त्याच्यावरच चिडावं, तसं ते होतं.

तोडगा निघाला तो सातबाऱ्यातून. टायटल दलाच्या नावावरच राहू दे, पण त्याच्यावर डिस्ट्रिक्टचा बोजा चढवू या, असं मी सुचवलं. इथंही गाडीच्या टायटलवर कर्ज देणाऱ्याचं नाव लागतं. बंब विकायचा म्हटलं तर डिस्ट्रिक्टच्या सहीशिवाय विकता येणार नाही आणि दारावर नाव मात्र दलाचंच राहील. प्रमुखांना दारावरच्या नावाचंच दुःख होतं. थाळ्या विकून घेतलेला जुना टँकर आम्ही करारातून पूर्ण बाहेर ठेवला, तो त्यांचाच. सह्या झाल्या. पुढं चार वर्षांनी दलात फूट पडली तेव्हा त्या बोज्यानं पंपर वाचवला. पण त्या रात्री माझ्याशी कुणी हस्तांदोलन केलं नव्हतं.

आता एका बाईंची गोष्ट.

नागरिकांनी बोलायची एक वेळ असते, सभेच्या सुरुवातीला, प्रत्येकी तीन मिनिटं. साधारण कुणी नसतं. त्या दिवशी सत्तरीतल्या एक बाई फॉर्म भरून बसल्या होत्या. उठल्या, मायक्रोफोन नसतानाही तो असल्यासारख्या एका जागी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की नवऱ्याच्या छातीत दुखू लागलं तेव्हा ९११ला फोन केला आणि अँब्युलन्स सव्वीस मिनिटांनी आली. तिच्यावर शेजारच्या डिस्ट्रिक्टचं नाव होतं. “आम्ही तुम्हाला कर देतो. तुमची गाडी कुठं होती?”

अध्यक्षांना उत्तर ठाऊक होतं. मलाही होतं. दोन्ही गाड्या दुसऱ्या कॉलवर होत्या. अध्यक्षांनी पुढं झुकून तोंड उघडलं आणि मी पेन उचललं. ती आमची खूण होती: पेन उभं धरलं की थांबायचं. विषय पत्रिकेवर नाही. कायद्यानं अशा वेळी तीनच गोष्टी करता येतात: साधी वस्तुस्थिती सांगायची, असलेलं धोरण सांगायचं नाहीतर विषय पुढच्या पत्रिकेवर घ्यायचा. वस्तुस्थिती सांगितली असती तर चाललं असतं, पण मृत रुग्णाची माहिती लेखी संमतीशिवाय भर सभेत उघड करायची नाही, हा दुसरा कायदा आडवा. आणि मला खात्री होती की एक वाक्य बोललं की पाचही जण बोलू लागतील, चर्चा होईल. अध्यक्ष मागं टेकले. “मॅडम, आम्ही हा विषय पुढच्या महिन्यात घेऊ. आज आम्हाला बोलता येत नाही. सूचना ७२ तास आधी द्यावी लागते.”

बाई त्यांच्याकडं नाही, माझ्या पेनाकडं बघत होत्या.

“त्याला तरी कुठं बहात्तर तास आधी कळलं होतं?”

आणि खाली बसल्या. पुढचा विषय खजिनदारांचा अहवाल होता. खजिनदारांना आकडे वाचता येईनात.

दुसऱ्या दिवशी आमच्या वकिली फर्मच्या ज्येष्ठ भागीदारांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: दाव्याची नोटीस आली आहे का? इथं सरकारी संस्थेवर नुकसानभरपाईचा दावा करायचा तर सहा महिन्यांच्या आत नोटीस द्यावी लागते. मी दोन पानांचं टिपण लिहिलं. आलेल्या अँब्युलन्सनं कुणाला धडक दिली तर काही परिस्थितीत डिस्ट्रिक्ट जबाबदार धरता येतं, तेही भरपाईला मर्यादा घालून. न आलेल्या अँब्युलन्सची जबाबदारी या कायद्यात बसत नाही. टिपण बिनचूक होतं. नोटीस आलीच नाही, बाईंना पैसे नकोच होते. ते टिपण अजून फायलीत आहे आणि बिलात त्याचे एक पूर्णांक चार तास लागले आहेत. चष्मेवाल्या कमिशनरांनी त्या ओळीवर टिक केली, काही विचारलं नाही.

असं टिपण लिहिताना मला नेहमी एक जुना निकाल आठवतो, इथं कायदा शिकताना वाचलेला. १६ एप्रिल १९४७ला टेक्सास सिटीच्या बंदरात ‘ग्रँडकॅम्प’ नावाच्या जहाजावर अमोनियम नायट्रेट पेटलं. विझवायला गेलेल्या शहराच्या स्वयंसेवक दलातले २८ पैकी २७ जण स्फोटात गेले. एकूण मृत पाचशेच्या वर. वारसांनी केंद्र सरकारवर दावा लावला आणि १९५३ साली सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध तीन मतांनी तो फेटाळला. सरकारचा धोरणात्मक निर्णय दाव्याच्या कक्षेत येत नाही, असं म्हणून. शेवटी अमेरिकेच्या काँग्रेसनं वेगळा कायदा करून भरपाई दिली. वर्गात सगळे कायद्याचा मुद्दा लिहून घेत होते आणि माझ्या डोक्यात तारीख अडकली होती. त्याच्या तीनच वर्षं आधी, १४ एप्रिलला, मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ फुटलं होतं. तो दिवस आपण अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतो, शाळेत छातीला लावायला छोटे कागदी झेंडे मिळायचे. आणि २०१३ साली, मी या कामात नवी असताना, १७ एप्रिलला वेस्ट नावाच्या इथल्या एका लहान गावात खताचं कोठार फुटलं, पुन्हा अमोनियम नायट्रेट. १५ माणसं गेली, त्यातले बहुतेक विझवायला धावलेले. एप्रिल आला की मी सगळ्या डिस्ट्रिक्टांचे विम्याचे कागद काढून बघते. अंधश्रद्धा म्हणा हवं तर.

पुढच्या महिन्यात बाईंचा विषय पत्रिकेवर सहाव्या क्रमांकावर होता. त्यांनी संमतीपत्र दिलं होतं. चर्चा पाऊण तास चालली. तिसरी अँब्युलन्स हवी हे सगळ्यांनाच मान्य होतं, पण कर १० सेंटच्या छताला टेकलेला. उरला विक्रीकर. राज्याचा सव्वासहा टक्के, त्यावर स्थानिक सगळ्यांचा मिळून फार तर दोन टक्के. त्या दोनात अजून जागा होती आणि हद्दीत दोन पेट्रोलपंप, एक हार्डवेअरचं दुकान आणि नव्यानं येणारं एक सुपरमार्केट होतं. त्यासाठी पुन्हा निवडणूक. मतपत्रिकेवरचं वाक्य लिहिणं हे माझं काम. एका वाक्यापायी तीन वकिलांनी दोन आठवडे घालवले. ते मंजूर झालं, थोडक्यात. गाडी रस्त्यावर यायला दीड वर्ष लागलं.

हे सगळं मी अप्पांना तुकड्यातुकड्यानं सांगत असे. बाईंचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “आमच्यात अध्यक्षांनी परवानगी दिली असती.” मी म्हटलं, “आणि त्याच परवानगीनं रात्री नऊ वाजता गावाच्या माघारी किती गायरानं गेली?” त्यावर ते काही बोलले नाहीत. खटावच्या एका ठरावाचा त्यांना अजून राग आहे, हे मला माहीत होतं.

मग २०२१चा फेब्रुवारी आला. १५ तारखेच्या पहाटे वीज गेली. राज्यभरात ४५ लाखांहून जास्त घरं आणि दुकानं अंधारात, बाहेर शून्याखाली दहाच्या आसपास. या घरांच्या भिंती उन्हासाठी बांधलेल्या. नळ फुटू लागले, पाण्याचा दाब उतरला, हायड्रंट कोरडे. लोक ऊब यावी म्हणून घरात कोळशाची शेगडी पेटवत होते, बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवत होते आणि कार्बन मोनॉक्साइडनं बेशुद्ध पडत होते. दुपारी अध्यक्षांचा फोन. पाण्याचे टँकर भाड्यानं घ्यायचेत, जनरेटर घ्यायचाय, डिझेलवाला रोख मागतोय, बोर्डाच्या मंजुरीशिवाय एवढी रक्कम काढता येत नाही. “काय करू?”

खुल्या सभांच्या त्याच कायद्यात एक खिडकी आहे. जिवाला किंवा सार्वजनिक सुरक्षिततेला तातडीचा धोका असेल तर एक तासाच्या सूचनेवर सभा घेता येते. २०१९ पर्यंत तो अवधी दोन तास होता. कारण सूचनेत स्पष्ट लिहायचं. कोविडमुळं राज्यपालांनी फोनवरून सभा घ्यायची सवलत दिलेली होती, ती अजून चालू होती. मी सूचना फोनवर सांगितली, सेक्रेटरीबाईंनी हातानं लिहिली आणि स्टेशनच्या काचेच्या दारावर आतून चिकटवली, बाहेर चिकटपट्टी धरत नव्हती. माझ्या फोनची बॅटरी अकरा टक्के. गाडीत चार्ज करायचा तर गाडी गॅरेजबाहेर काढायला हवी, नाहीतर आमच्याच अँब्युलन्सला यावं लागलं असतं. अंगणात गाडी उभी करून, दोन शाली आणि नवऱ्याचं जॅकेट घालून मी बसले. तासाभरानं पाचही कमिशनर फोनवर आले. एक जण गोठ्यातून बोलत होते, मागं गुरं हंबरत होती. हजेरी घेतली, धोक्याचं कारण वाचलं, ठराव मांडला, अनुमोदन, पाच विरुद्ध शून्य. अकरा मिनिटं. चष्मेवाल्यांनी मध्येच विचारलं, “वकीलबाई, या अकरा मिनिटांचं बिल दोनच टप्प्यांचं ना?”

वीज गुरुवारी आली. शनिवारी मी अप्पांना फोन लावला आणि सगळं सांगितलं: थंडी, फुटलेले नळ, गाडीतली सभा. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, “एक तासाची नोटीस. म्हणजे आयत्या वेळचीच झाली की.”

“झाली.”

“इतिवृत्त कुणी लिहिलं?”

“मीच. गाडीत, कराराच्या कागदाच्या पाठीमागं.”

“पेन्सिलीनं?”

“पेन गोठलं होतं, अप्पा.”

“मग शाईनं उतरवून घे. आणि कायम कधी होणार?”

“मार्चच्या सभेत. दुसरा विषय आहे.”

“हं,” ते म्हणाले. “आईला देतो.”